स्मारक नाणी आणि आपला मुलूख



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी दोन शब्द बोलल्यावाचून विषयाकडे वळणे मला प्रशस्त वाटत नाही. गुरुजी इतिहास शिकवीत. वर्गात येताना त्यांच्या हातात पुस्तक क्वचितच असे. सदऱ्याच्या खिशात मात्र एखादे नाणे हमखास असे. १९९१ साल असावे. त्यांनी एक रुपयाचे नवे कोरे नाणे पहिल्या बाकावरील मुलाच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "वाच." मुलगा म्हणाला, "एक रुपया." "ती किंमत झाली. नाणे वाच." मुलाने नाणे उलटे केले. मागच्या बाजूस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मुद्रा होती. मुलाने नाव सांगितले. "जन्म कुठला त्यांचा?" वर्ग गप्प झाला. कोणी नागपूर म्हणाले, कोणी मुंबई. गुरुजींनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'महू', आणि म्हणाले, "आपल्याच मालव्यातले, इंदूरजवळचे गाव. नाण्यावर ते लिहिलेले नाही. जे लिहिलेले नाही, तेही वाचायला शिका."

तो पहिल्या बाकावरील मुलगा आज आपल्यापुढे उभा आहे. हे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला फार उशिरा दिलेले उत्तर होय.

या विषयाला एक ताजे निमित्तही आहे. ३१ मे २०२५ रोजी, अहिल्याबाई होळकरांच्या त्रिशताब्दी जयंतीस, आपल्या भोपाळच्या जंबोरी मैदानावर पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते अहिल्याबाईंची मुद्रा असलेले तीनशे रुपयांचे नाणे आणि एक टपाल तिकीट प्रसिद्ध झाले. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावी जन्मलेली एक मुलगी, मालव्यात येऊन महेश्वरच्या गादीवरून १७६७ ते १७९५ राज्य करते, आणि तिच्या नावाचे नाणे तिच्या जन्मानंतर तीनशे वर्षांनी भोपाळमध्ये प्रसिद्ध होते. आपण इथले मराठी भाषक. आपल्या मनात त्या दिवशी सहजच प्रश्न आला असेल की, हे नाणे महाराष्ट्राचे की माळव्याचे? त्या प्रश्नाचा विचार मी आज करणार आहे.

प्रथम, स्मारक नाणे म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. एखाद्या व्यक्तीच्या, घटनेच्या वा संस्थेच्या स्मरणार्थ सरकार जे खास नाणे काढते, ते स्मारक नाणे. स्वतंत्र भारतात ही प्रथा १९६४ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंच्या निधनानंतर काढलेल्या एक रुपयाच्या व पन्नास पैशांच्या नाण्यांनी सुरू झाली. १९६९ मध्ये महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीची नाणी आली. त्यानंतरच्या दशकभरात अन्नधान्य, कुटुंबनियोजन, बचत, निवारा, ग्रामीण स्त्रियांची उन्नती असे विषय नाण्यांवर झळकले. गव्हाच्या लोंब्या, सुखी कुटुंब अशा चित्रांतून त्या काळचे राष्ट्र आपल्याच नागरिकांशी बोलत होते. त्या नाण्यांत देश होता, योजना होत्या. प्रदेश मात्र फारसा नव्हता.

तो आला विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात. १९९५ मध्ये तंजावर येथे आठवी जागतिक तमिळ परिषद भरली, तेव्हाच्या नाण्यावर संतकवी तिरुवळ्ळुवर अवतरले. १९९९ मध्ये संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे अकरा कोनांचे नाणे आले. २००२ मध्ये संत तुकारामांचे. २००३ मध्ये महाराणा प्रताप आणि वीर दुर्गादास, २००४ मध्ये कामराज, २००६ मध्ये नारायण गुरू आणि बसवेश्वर, २००७ मध्ये लोकमान्य टिळक. ही यादी वाचली तर भारताच्या नकाशावरून बोट फिरवल्यासारखे वाटते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षे झाली, त्या निमित्ताने तर २०१० सालाचे एक हजार रुपयांचे नाणे काढण्यात आले.

येथे एक कायद्याची बाब ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या राज्यघटनेनुसार चलन आणि नाणी हा सर्वस्वी केंद्राचा विषय आहे. पूर्वी १९०६ च्या आणि आता २०११ च्या नाणे अधिनियमाखाली केंद्र सरकार राजपत्रात सूचना काढते, आणि मुंबई, कोलकाता, हैदराबाद व नोएडा येथील टाकसाळींत नाणी पाडली जातात. कोणत्याही प्रदेशाला स्वतःचे नाणे पाडता येत नाही. त्याला फक्त मागणी करता येते. म्हणजे नाण्यावर जो प्रादेशिक वारसा दिसतो, तो राष्ट्राने मान्य केलेला, राष्ट्राच्या चौकटीत बसवलेला वारसा असतो. एका बाजूस अशोकस्तंभाचे सिंह, 'सत्यमेव जयते', देशाचे नाव आणि किंमत. दुसऱ्या बाजूस ती व्यक्ती, तिचे नाव आणि दोन साले. ही चौकट ठरलेली आहे.

आता आपण काही शतके मागे जाऊ. कारण आपल्या मुलखाने स्वतःची नाणी स्वतः पाडली, तेव्हा त्याने त्यांवर काय उमटवले, हे पाहिल्याशिवाय आजच्या नाण्याचे मोल कळणार नाही.

उज्जयिनी आणि सागर जिल्ह्यातील एरण येथील प्राचीन तांब्याची नाणी आपण वस्तुसंग्रहालयात पाहिली असतील. ओबडधोबड, बहुधा चौकोनी. त्यांवर राजाचा चेहरा नसतो. कुंपणातला वृक्ष असतो, हत्ती असतो, आणि काहींवर एक नागमोडी पट्टा व त्यात पोहणारे मासे असतात. तो पट्टा म्हणजे नदी. ज्या गावाचे नाणे, त्या गावाची नदी! प्रादेशिक वारसा नाण्यावर कसा आणावा याचे याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

याच नाण्यांवर आणखी एक खूण आढळते. अधिकाचे चिन्ह काढावे आणि त्याच्या चारही टोकांना एकेक वर्तुळ जोडावे, अशी ती आकृती. नाणकशास्त्रात तिला 'उज्जैन चिन्ह' असेच नाव पडले आहे. तिचा अर्थ काय, यावर पंडितांचे मतभेद आहेत. पण तिचा प्रवास मोठा उद्बोधक आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी. सारी क्षहरात क्षत्रप नहपान याची. एका बाजूस नहपानाचा चेहरा, आणि ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी अशा तीन लिप्यांतील अक्षरे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. परंतु त्याने ही नाणी वितळवली नाहीत. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याने आपला ठसा वरून मारला. त्या ठशात एका बाजूस तीन कमानींचा डोंगर होता, आणि दुसऱ्या बाजूस होते आपले उज्जैन चिन्ह.

विद्यार्थी मित्रांनो, या प्रसंगाचा जरा विचार करा. मावळत्या सत्तेच्या चेहऱ्यावर उगवत्या सत्तेने स्वतःचा चेहरा न मारता एक खूण मारली, आणि ती खूण गोदावरीकाठी चालणाऱ्या नाण्यावर क्षिप्राकाठच्या नगरीची होती. महाराष्ट्र आणि माळवा यांचे नाते पेशव्यांच्या स्वाऱ्यांपासून सुरू झाले, असे आपण सरसकट म्हणतो. त्या नाण्यांवर ते नाते सोळा-सतरा शतके आधीच उमटलेले आहे.

शिवाजी महाराजांच्या शिवराईकडे पाहा. तांब्याचे ते लहानसे नाणे. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'. चेहरा नाही, सिंहासन नाही, तलवार नाही. आजूबाजूच्या नाण्यांवर फार्सी अक्षरे असताना या नाण्यावर देवनागरी अक्षरे आली, हाच त्याचा सारा वैभवविस्तार. पुढे शिवराईचे साचे कित्येकांनी बनवले, अक्षरे वेडीवाकडी झाली. तरी इंग्रजी अमदानीतही ती खेड्यापाड्यांतल्या बाजारात चालत राहिली.

आणि आता महेश्वर. अहिल्याबाईंच्या कारकिर्दीतील महेश्वर टाकसाळीच्या रुपयावर अक्षरे फार्सी आहेत आणि नाव आहे दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे. अठराव्या शतकात हिंदुस्थानातील बहुतेक सत्तांचा हाच रिवाज होता. दिल्लीची सत्ता नाममात्र उरली होती. पण बादशहाच्या नावाचा रुपया सराफाच्या पेढीवर विश्वासाने घेतला जाई. मात्र त्या फार्सी अक्षरांच्या मधोमध दोन लहान खुणा आहेत. एक शिवलिंग, एक बेलाचे पान. इंदूरच्या, म्हणजे त्या काळच्या मल्हारनगरच्या, टाकसाळीची खूण सूर्याचे मुख ही. महेश्वरची खूण लिंग आणि बेलपत्र ही.

या खुणा केवळ भक्तीपोटी नव्हत्या. त्या काळी प्रत्येक टाकसाळीच्या रुपयाचा कस वेगळा, आणि एका मुलखाचा रुपया दुसऱ्या मुलखात नेला की त्यावर बट्टा द्यावा लागे. अंकुशी रुपया, चांदवडी रुपया अशी नावे जुन्या मराठी कागदपत्रांतून पदोपदी भेटतात. नाणे कोठले, हे सराफाला एका दृष्टिक्षेपात कळावे म्हणून खूण असे. म्हणजे खूण हे उत्तरदायित्व होते. बेलाचे पान असलेला रुपया हिणकस निघाला, तर बदनामी महेश्वरची होणार. अहिल्याबाईंनी आपला चेहरा नाण्यावर घातला नाही, आपले नावही घातले नाही. राज्य शंकराचे, आपण केवळ कारभारी, अशी त्यांची धारणा होती असे परंपरा सांगते. नाणे त्या परंपरेशी विसंगत नाही, एवढे खात्रीने म्हणता येते.

पुढे शके १७२८ मध्ये यशवंतराव होळकरांनी एक खास रुपया पाडला. त्यावर संस्कृत श्लोक आहेत. यशवंतरावांचे चित्त लक्ष्मीकांताच्या चरणी भ्रमरासारखे रमलेले आहे, असे त्यात म्हटले आहे. आणि इंद्रप्रस्थी बसलेल्या चक्रवर्ती राजाच्या कृपेने हे नाणे पाडले, असेही म्हटले आहे. इंग्रजांशी निकराने झुंजलेला हा स्वाभिमानी पुरुष. पण स्वतःची भाषा, स्वतःचे दैवत आणि दिल्लीचे सार्वभौमत्व या तिन्ही गोष्टी एकाच रुपयावर ठेवताना त्याला संकोच वाटला नाही.

आता मी एकांगी बोलतो आहे असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त ठरेल. आपल्या मुलखाने चेहरा कधीच मानला नाही, असे नव्हे. गौतमीपुत्राच्या वंशजांनीच पुढे चांदीच्या नाण्यांवर आपले चेहरे आणले. विसाव्या शतकातील ग्वाल्हेरच्या पैशांवर माधवराव आणि जिवाजीराव शिंदे यांच्या मुद्रा स्पष्ट दिसतात. शिवाय आजच्या चेहऱ्याचा अर्थ वेगळा आहे. पूर्वी जो नाणे पाडी, तोच त्यावर असे. आज नाण्यावर कोण आहे? आळंदीचा ज्ञानेश्वर, देहूचा तुकाराम, महूला जन्मलेले बाबासाहेब. यांपैकी एकानेही राज्य केले नाही. ज्यांना जिवंतपणी समाजाने वाळीत टाकले, पाण्यालाही शिवू दिले नाही, त्यांच्या मुद्रा राष्ट्राच्या नाण्यावर याव्यात, हे लोकशाहीचे मोठे संचित आहे. १९९१ मध्ये त्या एक रुपयाच्या नाण्याला खर्च न करता देव्हाऱ्यात तथागतांच्या मूर्तीपाशी ठेवणारी घरे मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. त्या नाण्याची किंमत एक रुपया होती असे कोण म्हणेल?

तेव्हा प्रश्न चेहरा चांगला की खूण चांगली, असा नाही. चेहरा आल्यावर खूण हरवते का, हा प्रश्न आहे. आणि माझ्या मते ती बहुधा हरवते.

याचे एक कारण तांत्रिक आहे. नाणे म्हणजे जेमतेम इंचभर व्यासाचे वर्तुळ. कलावंत प्रथम मोठ्या आकारात चित्राचा उठाव तयार करतो. पूर्वी तो प्लॅस्टरमध्ये घडवीत, आणि यंत्राच्या साहाय्याने लहान करून पोलादावर उतरवीत. त्या पोलादापासून ठसे होतात, आणि दोन ठशांच्या मध्ये कोरी चकती दाबली की नाणे होते. उठाव फार उंच ठेवला तर नाणी एकावर एक रचता येत नाहीत; फार बारीक तपशील घातला तर हातोहाती फिरताना तो झिजून जातो. कडेने नाव हिंदीत आणि इंग्रजीत यावे लागते, साल यावे लागते. एवढे झाल्यावर जी जागा उरते, तीत चेहरा बसतो; गाव बसत नाही, नदी बसत नाही. २००३ मध्ये भारतीय रेल्वेला दीडशे वर्षे झाली. १८५३ च्या एप्रिलात पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. त्या स्मरणार्थ काढलेल्या दोन रुपयांच्या नाण्यावर मात्र बोरीबंदर नाही, ठाण्याची खाडी नाही. हातात कंदील घेतलेला 'भोलू' नावाचा हत्ती आहे. तो मुलांना प्रिय झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती गाडी कोठून कोठे गेली, हे त्या नाण्याला सांगता आले नाही.

दुसरे कारण लिपीचे आहे, आणि ते आपल्याला जवळचे आहे. नाण्यावरील नाव हिंदी व इंग्रजी या दोन भाषांत येते. म्हणून तमिळ भाषकांना आपल्या पुरुषांचे नाव आपल्या लिपीत क्वचितच दिसे. २०२४ मध्ये एम. करुणानिधी यांच्या जन्मशताब्दीनिमित्त शंभर रुपयांचे नाणे निघाले, तेव्हा त्यावर 'तमिळ जिंकेल' या अर्थाचे त्यांचे आवडते शब्द तमिळ लिपीत आले. एका नाण्यावर दोनच शब्द. पण त्यांसाठी केवढा आग्रह! आपल्याला तसा आग्रह कधी धरावा लागला नाही. 'संत ज्ञानेश्वर' हे देवनागरीतले शब्द मराठी माणूस मराठी म्हणून वाचतो आणि हिंदी माणूस हिंदी म्हणून. हे आपले भाग्य आहे, आणि एका अर्थी धोकाही. जे न मागता मिळते, ते केव्हा निसटले याची जाणीव होत नाही. मंडीदीपच्या कारखान्यांत नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांतली तिसरी पिढी आज येथे बसली आहे. त्यांतील कितीजण नाण्यावरील ती अक्षरे मराठी म्हणून वाचतात, याचा विचार आपण घरोघरी करावा.

आता, ज्यांचा वारसा आपण महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात वाटून घेतो, अशा तीन व्यक्तींची नाणी शेजारी ठेवून पाहू. बाबासाहेबांचे १९९० सालाचे एक रुपयाचे, आणि पुढे सव्वाशेव्या जयंतीनिमित्त २०१५ मध्ये काढलेली दहा व सव्वाशे रुपयांची नाणी. तात्या टोपे यांची २०१५ सालची दहा व दोनशे रुपयांची नाणी. आणि अहिल्याबाईंचे तीनशे रुपयांचे. बाबासाहेबांचा जन्म मध्य प्रदेशात, कर्मभूमी महाराष्ट्र. तात्या टोपे जन्मले नाशिक जिल्ह्यातील येवल्यास, आणि १८ एप्रिल १८५९ रोजी फासावर गेले आपल्या शिवपुरीत. अहिल्याबाई चौंडीच्या, आणि देह ठेवला नर्मदाकाठी. या तिन्ही नाण्यांवर चेहरा आहे. महू, येवले, शिवपुरी, चौंडी, महेश्वर यांपैकी एकाही गावाची खूण नाही. ज्या प्रवासामुळे ही माणसे दोन्ही मुलखांची झाली, तो प्रवासच नाण्यावरून गळाला. म्हणून मग 'नाणे कोणाचे' असा वाद घालायला जागा उरते. जोगळटेंभीच्या नाण्यापुढे असा वाद घालता आला नसता. तेथे दोन्ही मुलूख एकाच चकतीवर होते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत अधिक खुपते. नाणे हे हातोहाती फिरण्यासाठी असते. ज्ञानेश्वरांचा रुपया आपण वाण्याकडे दिला, तुकारामांचे दोन रुपये सुटे म्हणून परत आले. वारकरी असो की कारखान्यातला कामगार, दोघांच्या खिशात तो होता. आजची मोठ्या किमतीची स्मारक नाणी तशी नसतात. शंभर, दोनशे, तीनशे, हजार रुपयांची ही नाणी बाजारात सोडली जात नाहीत. टाकसाळ ती संग्राहकांना सुबक पेटीतून, वर लिहिलेल्या रकमेपेक्षा कितीतरी अधिक किमतीस विकते. त्यांपैकी पुष्कळांत अर्धी चांदी असते, बाकी तांबे, निकल आणि जस्त. ज्या अहिल्याबाईंनी घाट बांधले ते सर्वांसाठी, विहिरी खोदल्या त्या वाटसरूंसाठी, त्यांचे नाणे पेटीत बंद राहावे, हा सन्मान खराच, पण तो अपुरा आहे.

आणि जे नाणे बाजारात येते, त्याचे तरी काय होते? काही वर्षांपूर्वी मी आपल्याच आठवडी बाजारात भाजीवालीला दहा रुपयांचे नाणे दिले. त्यावर बाबासाहेबांची मुद्रा होती. ती म्हणाली, "भैया, हे चालत नाही. हे खोटे आहे." मी म्हटले, "अगं बाई, हे सरकारचे आहे." ती म्हणाली, "मग सगळी एकसारखी का नाहीत?" तिच्या प्रश्नात तथ्य होते. त्या काळी दहा रुपयांच्या नाण्यांविषयी देशभर अशा वावड्या उठल्या होत्या. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की, दहा रुपयांची नाणी तोवर चौदा प्रकारच्या नक्षींत निघाली असून ती सर्व कायदेशीर चलन आहेत. ज्या विविधतेने आपल्या वारशाचा गौरव व्हावा, त्याच विविधतेमुळे नाणे खोटे ठरले. बाबासाहेबांचे, तात्या टोप्यांचे नाणे बाजारात नाकारले जात होते, आणि नाकारणारी स्त्री साधीभोळी होती. तिला कोणी नाणे वाचायला शिकवले नव्हते. दोष तिचा नाही. दोष शिकलेल्यांचा, म्हणजे माझा आणि आपला आहे. त्या दिवशी मी तिला नाणे उलटवून दाखवले, बाबासाहेब आपल्या महूचे, हे सांगितले. तिने ते नाणे घेतले आणि इतर चिल्लरीत न टाकता पदराच्या गाठीत बांधले.

मित्रांनो, आपण ज्या जिल्ह्यात बसलो आहोत, त्या रायसेन जिल्ह्याचे चलनाशी नाते थोडेथोडके नाही. २०१७ पासूनच्या दोनशे रुपयांच्या नोटेवर साँचीचा स्तूप आहे. तो आपल्याच जिल्ह्यातला. शाळेवरून जाणारा हाच रस्ता पुढे होशंगाबादला, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला जातो. तेथे नोटांचा कागद तयार करणारी गिरणी आहे. देवासला नोटा छापणारा कारखाना आहे. आपल्या खिशातली नोट आपल्याच परिसराचे चित्र, कधी आपल्याच परिसरातला कागद घेऊन देशभर फिरून येते, आणि आपण तिच्याकडे पाहतही नाही.

जवळच भीमबेटका आहे. तेथील चित्रित गुहांकडे १९५७ मध्ये विद्वानांचे लक्ष वेधले ते डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी. उज्जैनचा हा मराठी माणूस आपल्या मंडीदीपवरून जाणाऱ्या लोहमार्गाने प्रवास करीत असताना त्याला ते खडक दिसले, असे सांगतात. वाकणकर नाण्यांचेही जाणकार होते. लाखो प्रवाशांनी खिडकीतून तेच खडक पाहिले. वाचले ते एकाने. २००३ मध्ये त्या गुहांना जागतिक वारशाचा मान मिळाला.

आणि भोजपूर. अकराव्या शतकातील राजा भोजाचे ते अपुरे शिवमंदिर. मंदिराच्या आसपासच्या खडकांवर त्याचे आराखडे कोरलेले आजही दिसतात. दगड वर चढवण्यासाठी घातलेला मातीचा उतार तसाच उरला आहे. भोजाच्या विशाल तलावातले एक बेट म्हणून आपल्या गावाला मंडीद्वीप, पुढे मंडीदीप नाव पडले, अशी येथली लोकसमजूत आहे. तलाव गेला, बेट राहिले, आणि त्यावर कारखान्यांची धुरांडी उभी राहिली.

येथील विद्यार्थ्यांना मी एक काम देऊन जाणार आहे. भोजपूरचे नाणे काढायचे ठरले, तर त्यावर तुम्ही काय कोराल? पहिला विचार भोजराजाच्या चेहऱ्याचा येईल. पण तो कसा होता हे कोणीच पाहिलेले नाही. दुसरा विचार मंदिराचा येईल, आणि तो चांगला आहे. पण थोडे थांबा. तो खडकावरचा आराखडा कोरावा का? एका अनामिक पाथरवटाने आखलेली ती रेघ, जी कधी पूर्ण झाली नाही? की तळ्याच्या लाटा आणि त्यांत एक बेट, जसे एरणच्या माणसाने आपली नदी आणि मासे कोरले? वहीवर एक वाटी उपडी ठेवा, तिच्या कडेने वर्तुळ काढा, आणि त्यात आपला मुलूख बसवून दाखवा. काय ठेवायचे आणि काय वगळायचे, हे ठरवताना इतिहास जितका कळेल, तितका तो पाठांतराने कळणार नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊन समारोप करतो. अहिल्याबाईंचे नाणे महाराष्ट्राचे की माळव्याचे? महेश्वरचा जुना रुपया त्याचे उत्तर देतो. त्यावर दिल्लीच्या बादशहाचे नाव आहे, फार्सी अक्षरे आहेत, आणि मधोमध बेलाचे पान आहे. मराठी घरातली ती स्त्री माळव्याच्या भूमीत ते पान उमटवते. तीन परंपरा एका चांदीच्या चकतीवर, आणि कोणी कोणाला पुसून टाकत नाही. प्रादेशिक वारसा म्हणजे दुसऱ्याला वगळण्याचा दाखला नव्हे. वारसा म्हणजे आपल्या टाकसाळीची खूण. हे नाणे अस्सल आहे, याची आपण घेतलेली हमी. आपले पूर्वज नाणे वाजवून घेत. आवाज खणखणीत आला, तरच ते गाठीला बांधीत. नाण्यावर चेहरा कोणाचा, हे राष्ट्र ठरवील. तो त्याचा अधिकार आहे. पण त्या चेहऱ्यामागचे गाव, नदी, भाषा आणि ऋण आपल्या मुलांना सांगणे, हे काम कोणत्याही टाकसाळीला जमणार नाही. ते या शाळेचे आहे, तुमच्या घराचे आहे.

व्याख्यानाला येताना मीही खिशात एक नाणे घेऊन आलो आहे. १९९० सालाचे, एक रुपयाचे. कडा झिजल्या आहेत, अक्षरे पुसट झाली आहेत, मुद्रा मात्र अजून ओळखू येते. गुरुजींनी त्या दिवशी ते परत घेतले नाही, तास संपल्यावर मी द्यायला गेलो, तेव्हा म्हणाले, "पुरते वाचून झाले की दे." ते देणे राहून गेले. अध्यक्षांच्या अनुमतीने ते नाणे मी आज या शाळेच्या स्वाधीन करतो. ते कपाटात कुलूप लावून ठेवू नये, एवढीच विनंती. दर वर्षी इतिहासाच्या पहिल्या तासाला ते पहिल्या बाकावरील मुलाच्या किंवा मुलीच्या तळहातावर ठेवावे आणि म्हणावे, "वाच."